मोठा केलेला ठिपका

आमच्या कुडाळच्या ऑफिसातल्या साहेबांची अक्कल सांगते, ऐका. विमानातून काढलेल्या फोटोंची मी छोटी, पुसट चित्रं बनवते. शोधणाऱ्याने ती बघायची आणि हवा तो मूळ फोटो मागवायचा. कॉम्प्युटरवर जागा कमी पडली, तर साहेबांनी मूळ फोटोच डिलीट केले. म्हणे, "चित्र दिसतंय ना? मग दोन-दोन कशाला?"

त्याच आठवड्यात तोंडवलीचे दाजीकाका आले. त्यांचं घर आतल्या फोटोंसकट समुद्राने नेलं होतं. ते घर वरून काढलेल्या फोटोत एकदा बघायचं होतं, बस.

मी छोटं चित्र उघडलं. माडांमध्ये एक तांबूस ठिपका.

"ह्याच माजा घर. जरा मोठा कर गो बाय."

मी मोठं केलं. ठिपकाच मोठा झाला.

काका वाकून शोधत राहिले. "पडवी खंय आसा गो?"

मागून साहेब म्हणाले, "आजोबा, चष्मा बदला."