दोनशे बारा फेऱ्या, एक ओरखडा

आजोबा : …म्हणून म्हणतो, सांगून उपयोग नाही. कुणाचा बापसुद्धा विश्वास ठेवणार नाही. ती गाडी मी स्वतः चालवत नसतो ना, तर मीही ठेवला नसता.

नात : आजोबा, मी गोष्ट नाही मागितली. खुलासा कसा लिहितात, एवढंच विचारलं. तुम्ही नोकरीत पुष्कळ लिहिलेत म्हणे.

आजोबा : कोण म्हणालं?

आजी : मी. सतरा लिहिलेत.

आजोबा : बारा! आणि बाराच्या बारा गाडी उशिरा आल्याचे. गाडीला धक्का लागल्याचा एकही नाही. एकतीस वर्षं बस चालवली पोरी, एक ओरखडा नाही.

आजी : हं.

आजोबा : 'हं' काय?

आजी : मटारात किडा निघाला. तुमचं चालू द्या.

नात : ऐका ना दोघं. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीत. पाचच्या आत खुलासा गेला नाही, तर आमची टीम शनिवारच्या सेमीफायनलमधून बाद. मी एकटी नाही, पाचहीजणी. वर्षभर घासलंय आम्ही.

आजी : तो ट्रकचाच खेळ ना? माल घेऊन डोंगरातून जायचं तो?

नात : तोच. पंचांचं पत्र आलंय. मी लबाडी करते म्हणे.

आजोबा : तू? आपल्या घरात?

आजी : आपल्या घरात पत्ते खेळताना माझ्या चष्म्याच्या काचेत माझी पानं कोण बघतं?

आजोबा : ते निरीक्षण. तू चष्मा पुसून बसतेस त्याला मी काय करू? वाच गं पुढे. काय म्हणतात शहाणे?

नात : 'आपल्या खात्यावरून गेल्या चार महिन्यांत, दुपारी दोन ते चार या वेळेत, दोनशे बारा फेऱ्या झाल्या. एकाही फेरीत ट्रकला ओरखडा नाही, मालाला धक्का नाही. माणसाच्या हातून हे होणे शक्य नाही. सबब आपण आपोआप खेळणारा प्रोग्राम वापरता, असे आमचे मत झाले आहे.'

आजोबा : शक्य नाही? शक्य नाही म्हणजे काय? स्टिअरिंग कधी धरलंय का त्या माणसानं?

नात : आजोबा, तुम्ही का चिडताय?

आजोबा : मी चिडलो नाही. मी तत्त्वाचं बोलतोय.

नात : गंमत म्हणजे दोन ते चार मी घरीच नसते. कॉलेजात प्रॅक्टिकल असतं. कुणीतरी माझं खातं हॅक केलंय.

आजी : हॅक म्हणजे?

नात : चोरून घुसणं.

आजोबा : चोरून हा शब्द जरा जड होतो हं. दार उघडं असेल तर माणूस आत डोकावतो. त्यात चोरी कसली?

नात : दार कुठं उघडं होतं? पासवर्ड आहे मला.

आजी : तोच ना, पिवळ्या चिठ्ठीवर लिहून तू स्क्रीनच्या कोपऱ्याला चिकटवलायस?

नात : तो मी विसरू नये म्हणून.

आजी : कुणीच विसरणार नाही.

नात : अजून ऐका, याच्या पुढचं तर भयंकर आहे. 'प्रत्येक फेरीपूर्वी वाहन ठरावीक क्रिया करते. दिवे दोनदा, वायपर एकदा, हॉर्न एकदा. त्यानंतर वाहन अकरा सेकंद नुसते उभे राहते. दोनशे बारा वेळा हेच, याच क्रमाने. असे फक्त यंत्रच करू शकते.' आता सांगा! खेळात वायपरचा काडीचा उपयोग नाही. आणि निघायच्या आधी अकरा सेकंद कोण वाया घालवतं?

आजी : वाट बघत असेल.

नात : कशाची?

आजी : कंडक्टर डबल बेल द्यायचा ना, त्याची.

आजोबा : अगं, मटार सोल तू. या खेळातलं तुला काय कळतं?

आजी : खेळातलं काहीच कळत नाही. म्हणून गप्प बसते.

आजोबा : मला आधी एक सांग पोरी. तुमच्या या खेळात लबाडी म्हणजे नेमकं काय? कारण खुलासा लिहायचा तर गुन्हा नीट माहीत हवा.

नात : प्रोग्राम लावणं ही लबाडी. दुसऱ्याच्या हातून आपल्या नावावर खेळून घेणं, हीपण लबाडी.

आजोबा : आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतेस, ती?

नात : ती लबाडी नाही. डिझेल वाचतं. गेम करू देतो, म्हणजे चालतं.

आजोबा : करू देतो म्हणून चालतं? भरलेली गाडी, एवढा उतार, आणि न्यूट्रल? माझ्या डेपोत असतीस तर आठ दिवस टायर मोजायला बसवलं असतं तुला! तो सातव्या टप्प्यातला ट्रक तर आधीच मागून लोंबतोय…

नात : तुम्हाला कसं माहीत, सातव्या टप्प्यात ट्रक लोंबतो ते?

आजोबा : मागून जाताना दिसलं.

नात : कधी?

आजोबा : पाणी प्यायला जातो ना मी. म्हातारपणी तहान फार लागते.

आजी : पाण्याचा तांब्या यांच्या उशाशी असतो.

नात : बरं ते जाऊ दे. पंचांना पटवायचं कसं सांगा. माणूस इतक्या फेऱ्या बिनओरखड्याच्या करू शकतो, याला पुरावा काय?

आजोबा : हाच तर पुरावा मी मघापासून देतोय आणि तू म्हणतेस, गोष्ट नको! लिहून घे. घाटाची फेरी. गाडीत अठ्ठेचाळीस प्रवासी. पुढच्या सीटवर एक चष्मेवाला, मांडीवर काचांची उघडी पेटी. मागच्या सीटवर एक न्हावी. कंडक्टरला त्या दिवशी ओळखपत्राचा फोटो काढायचा होता आणि गड्याची दाढी आठवडाभराची. न्हावी म्हणाला, बसा, करून टाकतो. चालत्या गाडीत, उघड्या वस्तऱ्यानं!

आजी : मागच्या वेळी दंतवैद्य होता.

आजोबा : ती परतीची फेरी. वीस वळणं पोरी, एकेक असं की गाडीच्या मागच्याच बाकावरचा माणूस पुढच्या खिडकीतून दिसावा. आणि वस्तरा कंडक्टरच्या गळ्यावर. मी क्लच असा सोडायचो, जसं झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढावा. विसावं वळण संपलं तेव्हा कंडक्टरचा गाल असा, की त्यात चष्मेवाल्यानं स्वतःचा भांग पाडला.

नात : आजोबा, हे मी पंचांना पाठवू?

आजोबा : थांब, खरी कसोटी पुढेच आहे. समोर पूल वाहून गेलेला! मागं फिरायला जागा नाही. डावीकडे दरी. उजवीकडे धबधबा, हा एवढा. प्रवासी रडायला लागले. मी म्हटलं, घाबरू नका, पाण्याच्या मागं वाट असणार.

नात : का असणार?

आजोबा : अनुभव! धबधब्याच्या तोंडाशी चाकांचे ठसे होते. लावले वायपर आणि घातली गाडी पाण्यात. आत बोगदा. काळाकुट्ट. दिवे टाकले, दुसरा गिअर, हळूहळू… आलो पलीकडे. तर समोर एक निळं गोदाम आणि रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलेलं.

नात : कुत्रं.

आजोबा : पिवळं. मस्तवाल. एक कान काळा.

नात : डावा?

आजोबा : डावाच. तुला कसं कळलं?

नात : अंदाज. मग? दिवे मारून उठलं?

आजोबा : छे! दिव्यांना ते भीक घालत नाही. बाजूनं काढायला जावं तर रस्ता ढासळतो, गाडी दरीत.

नात : मग काय केलंत?

आजोबा : मग काय? साधी गोष्ट. एक लांब हॉर्न, जरा थांबायचं, मग एक आखूड. झोपलेल्याला आधी जाग येऊ द्यावी, मग बाजूला हो म्हणावं. रीत असते. उठलं, आळस दिला, शेपूट हलवली आणि गेलं गोदामात.

नात : लांब, थांबा, आखूड.

आजोबा : हां.

नात : आजोबा, ते कुत्रं नवव्या टप्प्यातलं आहे.

आजोबा : कुत्री काय, सगळीकडेच असतात.

नात : काळ्या डाव्या कानाची? निळ्या गोदामापुढं? धबधब्यामागच्या बोगद्याच्या तोंडाशी? अहो, त्या कुत्र्यापायी आम्ही पाचजणी आठ महिने रडतोय! आम्ही दिवे मारले, माल उतरवून ठेवला, एकीनं तर ट्रकनं त्याला हळूच ढकलून बघितलं, तिचे सगळे गुण गेले. हॉर्न दोनदा द्यायचा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही!

आजोबा : तुम्ही हॉर्न देतच नाही. हल्ली सगळ्यांना घाई.

आजी : सापडले.

नात : आजी, तुला माहीत होतं?

आजी : दोन ते चार झोपतो म्हणून दार लावून घेतात. झोपलेला माणूस 'चला, पुढं सरका' असं ओरडतो का?

नात : आजोबा! चार महिने?

आजोबा : हे बघ, गाडी नुसती उभी ठेवली की बॅटरी उतरते. तुझा ट्रक दुपारभर उभा असायचा. मी आपला जरा फिरवून आणायचो.

नात : दोनशे बारा वेळा! आणि मी जुन्या फेऱ्यांची यादी कधी उघडूनच बघितली नाही.

आजोबा : आज दोनशे तेरा. ती त्यांनी धरलेली दिसत नाही.

आजी : सहा वर्षांपूर्वी डॉक्टरनं लायसन्सला नाही म्हटलं ना यांना, डाव्या डोळ्यावरून. तेव्हापासून रिक्षात बसले तरी पाय खाली ब्रेक शोधतो. या चार महिन्यांत तेवढं थांबलंय.

आजोबा : पायाचं काय सांगत बसलीस?

नात : आणि त्या लोकांना वाटलं यंत्र आहे. दिवे, वायपर, हॉर्न…

आजोबा : तपासणी केल्याशिवाय गाडी डेपोबाहेर काढायची नसते. यात यंत्राचा काय संबंध? उलट यंत्र असतं तर त्यानं टाळली असती.

नात : ऐका आता. नियम असा आहे. प्रोग्राम ठरला तर आम्ही पाचहीजणी कायमच्या बाहेर. दुसरा माणूस खेळला असं मी कबूल केलं, तर मला ताकीद मिळते आणि टीम वाचते. पण…

आजोबा : पण काय?

नात : त्या माणसाच्या फेऱ्या पुसून टाकतात.

आजोबा : पुसून म्हणजे?

नात : शून्य.

आजोबा : सगळ्या? नवव्या टप्प्याची पण?

नात : सगळ्या.

आजोबा : अज्ञात इसम असं लिहून बघ. खुलाशात ते चालतं. 'अज्ञात इसमाने सदर वाहन…'

आजी : अज्ञात इसम माझे मटार खातोय.

नात : आजोबा, अज्ञात लिहिलं तर पुरावा मागतील. आणि ते खोटं असेल. चार वाजून छत्तीस मिनिटं झाली.

आजोबा : दोनशे तेरा फेऱ्या, पोरी.

नात : मी तुमचं स्वतःचं खातं उघडून देते. आज लगेच. फक्त पहिल्या पन्नास फेऱ्या ट्रकवर 'शिकाऊ' पाटी लागते.

आजोबा : शिकाऊ? मला?

नात : सगळ्यांनाच लागते.

आजोबा : मी ज्यांना शिकवलं ते निवृत्त झाले! …पाटी मागं असते की पुढं?

नात : मागं.

आजोबा : मग बसल्या जागेवरून दिसत नाही. बरं. घे लिहायला. वर डाव्या हाताला विषय. 'वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की…' आणि रडगाणं गायचं नाही, क्षमा एकदाच मागायची. मी बाराच्या बारा खुलाशांत एकदाच मागितली.

आजी : सतरा.

नात : 'कळविण्यात येते की, दुपारी दोन ते चार या वेळेतील सर्व फेऱ्या मी केलेल्या नाहीत. चालक माझे आजोबा आहेत. यंत्र नाहीत.' बरोबर?

आजोबा : 'निवृत्त बसचालक' लिही. कंसात नको, ठळक.

नात : 'निवृत्त बसचालक.' आता माणूस हे करू शकतो, याला आधार हवा. न्हावी सोडून.

आजोबा : न्हाव्याची गरजच काय? सेवापुस्तक बोलतं. लिही, 'एकतीस वर्षांच्या सेवेत वाहनास एकही ओरखडा नाही.'

नात : 'एकतीस वर्षांच्या सेवेत वाहनास एकही…'

आजी : एक.

नात : काय एक?

आजी : एक ओरखडा. खरं पत्र लिहितेयस ना? मग एक लिही. डेपोचं फाटक, शेवटचा दिवस, शेवटची फेरी. साहेबांनी हार घालायच्या गडबडीत नोंद केली नाही.

आजोबा : ते फाटक आधीपासून वाकडं होतं!

आजी : फाटक सरळ होतं. तुम्ही आरशात बघत होतात. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा तुमच्या गाडीत बसले होते.