पुढच्या धुराड्याची गाडी

आता हे मलेच सांगा लागते काय? गावात कोनाच्या घरी पाव्हना आला का त्याले घेऊन या पारावर आनि म्हना, "जानरावबुवा, ते धुराच्या गाडीचं सांगा"... काहून, मी काय सोंगाड्या हाव? बसा आता. पन मधात हासाचं नाई. हासले तं मी उठून जाइन, मांगच्या खेपीले गेलतो का नाई?

तं तुमाले सांगतो, माहा साडू रामकिसन. माह्या बायकोची लहान बहीन रुख्मिनी, तिचा नवरा. मानूस चांगला हाय. तोच तं तरास हाय, वाईट असता तं शिव्या तरी देता आल्या असत्या. पोह महिन्यात आमच्या गावची पिराची कंदुरी असते, अख्खा गाव जेवते, आनि तीस सालं बोकडाची हंडी मीच शिजवली. जो शिजवीन त्याच्या पानात मुंडी, असा मान. तीस मुंड्या खाल्ल्या मी, पन कधी म्हनलं नाई का मी मोठा. लोकाइले दिसतच होतं, म्हनाचं कायले?

मंग जर्मनच्या लढाईच्या सालात ह्या रामकिसनच्या डोक्यात भलतंच शिरलं. थो जंगलसायबाच्या कॅम्पात लाकडं टाकाले गेलता. तिथं खानसाम्यानं लोखंडाच्या पिंपात बोकड टांगून नुसत्या धुरावर शिजवलं, ना पानी ना रस्सा. लोखंड तं लढाईपायी कुठं भेटत नोहतं. पन आमच्या नाल्यात कोळशावर चालनारी सर्व्हिस मोटार उलटून पडेल होती, मालकानं तिचं नाव सोडलं होतं. रामकिसननं तिचं कोळशाचं पिंप काढलं, चाकं काढले, आख काढला, वरतं धुराडं लावलं, बैलं जुपाले दांडी लावली... आनि नेली की गाडी कंदुरीले. लोकं मलेच येऊन सांगत, "जानराव, मास हाडावरून असं सुटते का दाताले कामच नाई." मुंडी त्याच्या पानात. आपल्याले काय करा लागते म्हना.

दुसऱ्या दिवशी मी सहज नाल्याकडं गेलो. सहजच. मोटारीचं उरलं काय होतं? भोंगा. त्याचंही रबर फाटेल.

मंग मी सालभर जमवलं. सडकेच्या कामावर फेकेल डांबराचं पिंप आनलं, तीन डाव जाळलं तवा त्याचा वास गेला. चाकं दोन, एक बापाच्या खाचराचं, एक मोडक्या दमनीचं, एक उंच एक ठेंगनं, म्हनून गाडी जरा डावीकडं वाके. आत बोकड ठेवाले जाळी पाह्यजे, तं कोंडवाड्याच्या जुन्या फाटकाचे गज घेतले. बंद पडेल गिरनीचा पायप, हे झालं धुराडं. माही कस्तुराबाई दारात उभी राहून पाहे आनि म्हने, "घरातल्या मोरीचं पानी अंगनात येऊन राह्यलं सालभर, ते दिसत नाई. बोकडाले मातर बंगला."

धुराडं मी मांगच लावनार होतो, तुमाले खरं सांगतो. तितल्यात रामकिसन आला, गाडीभोवती फिरला, म्हने, "जानाभाऊ, धुराडं मांगं लावजा हं. माह्यावालं मांगं हाय. पुढं लावलं तं धूर बैलाच्या नाकात जाइन." मी छिन्नी घेतली आनि त्याच्या डोळ्यासमोर पुढं भोक पाडलं. त्याचं आयकून गाडी करू मी? बैलंही त्याच्याच कोठ्यातले, हौश्या आनि पाखऱ्या, दोन सालाआधी त्यानंच देल्ले. आता धुराडंही त्याच्याच म्हनन्यानं?

मारोतराव पाटलानं निवाडा केला का औंदा बोकडं दोन, एक याच्या पिंपात, एक त्याच्या. ज्याचं लोकं आंधी संपवतीन, त्याच्या पानात दोन्ही मुंड्या. घ्या! आपल्याले काय करा लागते, पन तीन रात्री मी झोपलो नाई.

कंदुरीच्या दिवशी पहाटं बोकडं कापले. रामकिसन चूपचाप आपली गाडी घेऊन गेला. पीर त्याच्या वावराच्या बांधालेच हाय, त्याचा कोठाही तिथंच, पंगत त्याच्याच वावरात. मी मातर हळद, मीठ, मिरची, लसून चोळून बोकड पिंपात ठेवलं, खाली बाभळीचा इस्तू केला, दुपारलोक घरीच शिजवलं आनि मंग बैलं जुपले. अख्ख्या गावातून धूर काढत नेनार होतो. लोकाइनं पाहाव. पाहाले काय पैसे पडते?

तं पिराच्या उतारावर मांगून वारा सुटला. धुराड्यातला धूर सारा बैलाच्या तोंडावर. हौश्यानं एक डाव शिंकलं, पाखऱ्यानं शेपूट उचललं, आनि मंग... मी दांडीवरून खाली, धोतर बोरीच्या झुडपात, आनि गाडी तिकडं डावीकडं वाकत पळून राह्यली. बैलाइनं पिरापाशी थांबाव का नाई? नाई थांबले. सीधे गेले रामकिसनच्या कोठ्यात, आपल्या जुन्या गव्हानीत तोंड घालून उभे. बैलच ते. भेलं का जनावर आपल्या जुन्या घरी पळते.

मी लंगडत, धोतर सावरत पोचतो तं पंगत उठून राह्यली. रामकिसनचं बोकड मधात कच्चं निघालं होतं, त्यानं पुन्हा पिंपात ठेवलं. तितल्यात ही गाडी आली, झाकन काढलं तं मास अल्लद. त्याले वाटलं जानाभाऊनं धाडली, वाढलं सगळ्याइले, कोनाची हे सांगाचं मातर वाढन्याच्या घाईत राह्यलं. लोकाइले वाटलं रामकिसननं दुसरी गाडी केली. हाडंही शिल्लक नाई. आनि दोन्ही मुंड्या त्याच्या पानात.

मी पाटलाले म्हनलं, "बोकड माहं, पिंप माहं." पाटील बोटं चाटत म्हने, "पन पिरानं गाडी कोनाच्या दारात नेली? पिराच्या वर बोलतं काय, जानराव?"

मी जिकलो होतो, समजलं काय? मी जिकलो होतो आनि ते मले एकट्यालेच ठाव होतं.

रामकिसन रातच्याले एक मुंडी घेऊन घरी आला, हात जोडले, म्हने, "भाऊ, चुकलं." सोडलं त्याले. पाटलानं पुढच्या साली हंडीचा मान परत माह्याकडं देल्ला, त्यालेही सोडलं. बैलं तं बिचारे मुके.

पन त्या पंगतीत बायाइच्या ओळीत एक बाई बसली होती. हाड चोखत मले म्हने, "आयकलं का, तीस सालं तुमच्या हातचं खाल्लं, पन असं कधी नाई. पाहा जरा, शिका रामकिसनकडून." मी म्हनलं, "अवं, हे माह्याच पिंपातलं हाय." तिनं हाड तोंडातून काढलं, पाह्यलं, पुन्हा तोंडात घातलं आनि म्हने, "तरीच म्हनलं, मीठ काहून कमी हाय."

तवापासून मी मीठ मूठभर जास्तच टाकतो. आनि तीन सालं झाले, एका मानसानं अजून माफी मागितली नाई. माह्याच घरी राह्यते. कस्तुराबाई.