एका चिठ्ठीत एकच चूक

वय चौऱ्याहत्तर पूर्ण, नाव हजेरीपटात आहे, पण त्या कचेरीत मला 'चूकवाले काका' म्हणतात, आणि वर म्हणे, महिन्यात एकेचाळीस चुका, काकांनी कहर केला... अहो, चुका मी केल्या का? मी शोधल्या! शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं स्वतःच्या वाचनावर. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. पत्नी गेल्यावर घरात भिंतींशी किती बोलणार, म्हणून भाचीच्या ओळखीने या सॉफ्टवेअरच्या कचेरीत लागलो. काम एवढंच, की दवाखान्यांसाठी ते बनवतात ते वापरून पाहायचं, चूक दिसली की चिठ्ठी लिहायची, आणि ज्याची चूक त्याला बोलावून समोर दाखवायची. एका चिठ्ठीत एकच चूक. तुम्हाला सांगतो, मी नियमाबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

मग आमचे जाडोबा प्रोग्रामर यायचे, समोरच्या खुर्चीत धपकन बसायचे. "काका, आता काय?" मी म्हणायचो, "आपल्याकडे रुग्ण एकतीस फेब्रुवारीला दाखल होतो आहे." ते हसायचे, लेकीला दात येताहेत, घरात कोणी झोपत नाही, असं काहीबाही सांगायचे, चहा निवून जायचा... ते गेले की मी दुसरी चिठ्ठी लिहायला घ्यायचो. ती चूक आधीच दिसली होती का? दिसली होती. पण नियम म्हणजे नियम, नाही का?

तर वरच्यांनी मोजमाप काढलं. सर्वाधिक चुका जाडोबांच्या, दुरुस्तीला वेळ तिप्पट. साहेब म्हणाले, "आकडे समोर आहेत, याला काढा." तेव्हा मूल्यमापनासाठी बाहेरून आलेल्या बाई म्हणाल्या, "नुसत्या आकड्यांवर नको. काम कसं चालतं ते आधी बसून पाहते." आणि बसल्या कुठे? त्याच खुर्चीत, दोन दिवस! माझ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडल्या.

"काका, या पाचही चुका एकाच पानावरच्या. मूळही एकच. एकदम का नाही दिल्यात?"

मी म्हणालो, नियमाबाहेर मी पाऊल टाकत नाही. बाईंनी त्या पाचही चिठ्ठ्या माझ्यापुढे सरकवल्या. आता काय करता? जाडोबांचं घर त्या नोकरीवर. चष्मा पुसला, पुन्हा पुसला...

"बाई, मला त्या एकदमच दिसतात. पण एकदम दिल्या, तर तो एकदाच येईल."

त्यांनी हे लिहून घेतलं नाही. एवढं मात्र खरं.

जाडोबांची नोकरी राहिली. आता आठवडाभराच्या चुका एका यादीत, संगणकावरूनच जातात. दुरुस्ती एका दिवसात होते. समोरची खुर्ची बैठकीच्या खोलीत नेली. प्रक्रिया सुधारली, असा बारा पानी अहवाल आला आहे. मी तो तीनदा तपासला. एकही चूक नाही.