मधला बांध

मुलगी : बांध कुठे गेला?

मुकादम : ताई, आधी पाणी तरी प्या. एवढ्या उन्हातून आलात.

मुलगी : मुकादमकाका, मी चार दिवस नव्हते. चारच दिवस! या दोन खड्ड्यांच्या मधोमध माणसाच्या उंचीचा मातीचा बांध सोडून गेले होते. इथे अंगण झालंय. आणि तुम्ही मला पाणी विचारताय?

मुकादम : काढला.

मुलगी : ते दिसतंय. कोणी काढला?

मुकादम : मी.

मुलगी : तुम्ही? बांधाला टेकून बसलं तरी पोरांच्या अंगावर धावून जाणारे तुम्ही? मला पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत ना, बाकी सगळं खणा, मधला बांध राखा. कुठला थर कशावर बसलाय ते फक्त तिथेच दिसतं. सांगितलं होतंत की नाही?

मुकादम : सांगितलं होतं.

मुलगी : मग जाताना मी काय बजावलं होतं? सोमवारी येऊन बांधाच्या या बाजूचं चित्र काढते, तोवर ओलं फडकं टाकून ठेवा.

मुकादम : टाकलं होतं की. शनिवारी पहाटेपर्यंत होतं. दोनदा भिजवलं मी.

मुलगी : वा! भिजवून भिजवून मग पाडलात.

मुकादम : बोला ताई. तुमचं खरं आहे.

मुलगी : मान डोलावू नका हो, राग येतो! त्या बांधात काय होतं ते ठाऊक होतं तुम्हाला. फवारा मारून मी तुम्हालाच दाखवलं होतं. खाली जळालेल्या छपराची काळी राख आणि राखेच्या वर बोटभर जाडीची फिकट रेघ. चोपून चोपून केलेली जमीन. घर जळल्यावर तिथे पुन्हा कोणीतरी जमीन केली होती. एवढ्या मोठ्या गावात तेवढा एकच तुकडा शिल्लक होता, बाकीचं सगळं पुरानं धुऊन नेलेलं. एकच!

मुकादम : फोटो आहे ना तुमच्या मोबाईलमध्ये?

मुलगी : फोटोत नुसती माती दिसते. ती रेघ ओली असली की डोळ्याला दिसायची, कॅमेऱ्याला नाही. म्हणून तर हातानं चित्र काढायचं असतं. बरं, काढायला कोण कोण होतं?

मुकादम : मी एकटाच.

मुलगी : एवढा बांध एकट्यानं? बाकीचे पंधरा जण काय करत होते?

मुकादम : त्यांना नदीकडच्या खड्ड्यावर पाठवलं होतं. पहाटे पाचला सुरू केलं, दहाला संपलं.

मुलगी : आणि माती? चाळलीत?

मुकादम : नाही.

मुलगी : चाळलीही नाहीत! इथे मूठभर माती चाळणीशिवाय बाहेर जात नाही, आणि अख्खा बांध तुम्ही… कोणी सांगितलं होतं?

मुकादम : ताई, ते तुम्ही सरांनाच विचारा. हे बघा, आलेच.

(वडील शिडीने खड्ड्यात उतरतात. या उत्खननाचे प्रमुख तेच.)

वडील : तुझा आवाज पार रस्त्यापर्यंत येतोय. आईच्या डोळ्याची पट्टी निघाली?

मुलगी : निघाली. पट्टी निघाल्या निघाल्या तिनं खोलीभर बघितलं आणि विचारलं, "ते नाही आले?" मी सांगितलं, बाबांना काम आहे. हे काम होतं होय तुम्हाला!

वडील : इथे मी बाबा नाही.

मुलगी : बरं, सर. बांध का पाडलात, सर?

वडील : उद्या पाहुणे येतायत. उंचावरून फोटो घ्यायचा आहे. घराच्या मधोमध मातीचा ढिगारा उभा असेल तर घर दिसणार कसं? शिवाय त्याला तडा गेला होता.

मुलगी : तडा कुठे होता? मुकादमकाका, होता तडा?

वडील : त्याला काय विचारतेस?

मुलगी : ज्यानं पाडला त्याला नको विचारू? काका, होता का?

मुकादम : … नव्हता.

वडील : तू तुझं काम कर. जा, टेप गोळा कर.

मुलगी : काका, जाऊ नका तुम्ही. आणि फोटोसाठी पहाटे पाचला माणूस लावत नाहीत, सर. इतरांना नदीवर पिटाळत नाहीत. माती न चाळता फेकत नाहीत. ती रेघ मी तुम्हाला दाखवली होती. तुम्ही चष्मा काढून कितीतरी वेळ बघत होतात. मला वाटलं, आनंद झालाय. मूर्ख मी! गाडीत आईलाही सांगितलं, बाबा किती खूश आहेत म्हणून.

वडील : चोपलेली जमीन आहे हे कशावरून? पावसानं बसलेला गाळही तसाच दिसतो.

मुलगी : मग राहू द्यायचा होता! गाळ असता तर गाळ म्हणून काढला असता मी.

वडील : आणि समजा असली जमीन. खाली राख, वर जमीन, पण मध्ये किती काळ गेला ते तुला माहीत आहे? शंभर वर्षांनी कोणी भटके आले असतील, चार दिवस राहिले असतील. तेवढ्यावरून तू लिहिणार, गावकरी परत आले?

मुलगी : मी काही लिहिणार नव्हते. जे दिसतं ते काढणार होते. लिहिलंय तुम्ही. बावीस वर्षांपूर्वी पुस्तकात लिहिलंत, गाव जळलं, लोक गेले आणि पुन्हा कधीही कोणी इथे फिरकलं नाही. तेच शिकवलंत, त्यावरच भाषणं दिलीत. आता पुढच्या महिन्यात निवृत्त होताना अहवालाच्या शेवटच्या खंडात माझ्या हातचं चित्र तुम्हाला खोटं पाडणार होतं. एवढंच आहे ना हे?

वडील : एवढंच? या टेकाडावर माझे गुडघे गेले. तू जन्मलीस तेव्हा मी इथे तंबूत होतो. तुझ्या शाळेचं एक गॅदरिंग मी बघितलेलं नाही. आणि निघता निघता एका बोटभर रेघेपायी लोकांनी म्हणायचं, म्हाताऱ्यानं आयुष्यभर चुकीचं सांगितलं?

मुलगी : चुकला असतात तर चुकला असतात! लोक विसरले असते. हे मी कशी विसरू? गॅदरिंगचं दुःख मला कधीच नव्हतं, बाबा. मी मैत्रिणींना सांगायची, माझे बाबा मातीशी खोटं बोलत नाहीत. फुशारकी मारायची मी!

वडील : पुरे. चित्र झालं नाही, पुरावा नाही, विषय संपला. बांधाच्या त्या बाजूचं चित्र आहे आपल्याकडे, त्यात ती रेघ नाही, तेच दोन्ही बाजूंना चालेल. खाली सही कर.

मुलगी : मेले तरी नाही करणार.

मुकादम : सर, मी बोलू का?

वडील : नको.

मुकादम : ताई, गाळ नव्हता तो. गाळ खुरप्याखाली भुगा होतो. ही पापुद्रा धरून सुटली, थाळीएवढी. वरून गुळगुळीत. कडेला हात फिरवलेला दिसत होता, चार बोटं ओढलेली. मी माझी बोटं लावून बघितली. लहान हात असावा, बाईमाणसाचा.

मुलगी : आणि ते तुम्ही फेकलंत?

मुकादम : सरांना दाखवलं आधी. हातात दिलं.

मुलगी : बाबा, हातात होतं तुमच्या?

मुकादम : सर म्हणाले, घमेल्यात टाक. मी टाकलं. ढिगाऱ्यावर ओतलं, वर आणखी साठ-सत्तर घमेली पडली. काल जाऊन हातानं उकरलं मी, रविवार होता म्हणून. मातीत माती शोधायची म्हणजे काय, ताई! नखं गेली, काही हाती लागलं नाही. लाज वाटते मला. नाही म्हणायला हवं होतं. तीस वर्षं यांना नाही म्हणायची सवय नाही.

वडील : संपलं तुझं?

मुकादम : नाही सर. ताई, कागद घ्या. बांध होता ती जागा कोरी सोडा. खाली लिहा की बांध मुकादमानं पाडला, माती चाळली नाही आणि पाडताना त्याला हे हे दिसलं. माझं पूर्ण नाव घाला.

वडील : डोकं फिरलंय तुझं. बांध पाडणारा मुकादम म्हणून एकदा छापून आलास की पुन्हा कोणी तुला खुरपं धरू देईल? मी तर चाललो घरी. तू काय करशील?

मुकादम : बघू काहीतरी. आजवर निघालेल्या सगळ्या पुस्तकांत तुमच्या शिष्यांची नावं आहेत, ड्रायव्हरचंसुद्धा आहे. माझं कुठे नाही. मी कधी तोंडानं मागितलं नाही. आज मागतो. चुकीसाठी का असेना, खरं तरी असेल.

मुलगी : बसा, काका. इथे सावलीत बसा. मी लिहिते, तुम्ही सांगा. आणि कोणी पाडायला लावला तेही येईल त्यात, बाबा. तुमचंही पूर्ण नाव.

वडील : स्वतःच्या बापाचं?

मुलगी : इथे तुम्ही बाबा नाही ना? मघाशीच म्हणालात. हं, काका. पापुद्रा किती जाड?

मुकादम : माझ्या करंगळीपेक्षा थोडा जास्त.

मुलगी : लांबी?

मुकादम : अखंड निघाला तो वीतभर. पण रेघ घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग होती.

वडील : आणि मध्ये?

मुलगी : काय मध्ये?

वडील : तुला नाही, त्याला विचारतोय. जमीन आणि राख, दोन्हींच्या मध्ये माती किती साचली होती? टीचभर? वीतभर?

मुकादम : त्या दिवशी तुम्ही हे विचारलं नाहीत, सर.

वडील : आज विचारतोय. सांग.

मुकादम : काहीच नव्हती. पापुद्रा उलटा केला तर बुडाला राख चिकटलेली. माझा तळवा काळा झाला.

वडील : म्हणजे मध्ये एक पावसाळाही गेला नव्हता. विझल्या विझल्या आले. पण जळून खाक झालेल्या जागी इतक्या तातडीनं कशाला येतील ते लोक?

मुकादम : दुसरीकडे कुठे जातील, सर? घर होतं त्यांचं.