सान तिमोतेओतला रुचिरचा फोटो

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा मधुवंतीताई, व्यासपीठावरचे आपले सत्कारमूर्ती दीनानाथराव, आणि तोआ पायोहच्या या हॉलमध्ये शनिवारची संध्याकाळ मोडून जमलेल्या माझ्या मंडळबंधू-भगिनींनो,

सत्कारमूर्ती म्हणताना जीभ जरा अडखळली, कारण हा खरं तर निरोप. त्यांच्या पत्नी, आपल्या नंदावहिनी, आलेल्या नाहीत, त्या पासिर रिसच्या घरी सामान बांधतायत. त्या नाहीत म्हणूनच दीनानाथरावांना विचारून थोडं बोलतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला इथेच या दोघांच्या एकुलत्या एका मुलाने, रुचिरने, आपल्याला त्याच्या नोकरीचं गाव दाखवलं होतं. मेक्सिकोतलं छोटंसं सान तिमोतेओ. आठवतं? गुलाबी दगडाचं जुनं चर्च, डोंगरातला धबधबा, आणि नोव्हेंबरातला तो सण. गेलेल्या माणसांना घर सापडावं म्हणून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. आणि आपण त्याला काय विचारलं? तिथे व्हेज काय मिळतं!

पुढच्याच पावसाळ्यात तो त्या धबधब्यात वाहून गेला. सापडला नाही. आपण सगळे शहाणे. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या, हे वहिनींना सांगायला एकेक जण जाऊन आलो. त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला.

मग गेल्या नोव्हेंबरात रुचिरच्या घरमालकिणीने मोठ्या मायेने एक फोटो पाठवला. तिच्या घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरींमध्ये, झेंडूत आणि मेणबत्त्यांत, आपला रुचिर हसत होता. पुढे पाणी, पाव, आणि त्याला आवडायचे म्हणून शेंगदाणे. त्या बाईने त्याला घरचा मानला, तिचं काय चुकलं? पण वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आता फ्लॅट विकून हे दोघं तिथे राहायला निघालेत. वहिनी मला म्हणाल्या, "जिवंत माणसाचा फोटो तिथे ठेवतात का? मी तो काढणार आहे." मी दीनानाथरावांना विचारलं, तुम्हाला हे पटतं का? ते म्हणाले, "नाही पटत. तिला काढू दे. पण दिलीप, पाकळ्यांची वाट कुणीतरी घालायला नको का?"

अशा वेळी आशा सोडू नका म्हणायची रीत आहे. मला ते म्हणवत नाही. दीनानाथराव, ती वाट घालाल तेव्हा एक मूठ आमचीही टाका.

अध्यक्षांचे, आपणा सर्वांचे आभार. जास्त बोललो असेन तर पदरात घ्या. आणि एक विनंती. उद्या पासिर रिसला भेटायला जाल तेव्हा वहिनी विचारतील, रुचिरसाठी काही द्यायचंय का. सगळ्यांना विचारतायत. नाही म्हणू नका, काहीतरी द्या.