गड जागेवर हाय न्हवं?

बरोबर साडेअकराला सुरू झालं हे सगळं. पोरगा शाळेच्या सहलीला गडावर गेलेला आणि मी घरी कादंबरी वाचत बसलेली. त्यातल्या गडाला शत्रूचा वेढा पडला, की अख्खा गड उडून दुसऱ्या डोंगरावर जाऊन बसतो. लय भारी! पण उडताना बुरूज ढासळला आणि मला गडावर गेलेलं पोरगं आठवलं. शाळेच्या बाईंना फोन लावला.

"बाई, गड जागेवर हाय न्हवं?"

"आहे की! तुमचा चिरंजीव वर बसून माझा डबा खातोय."

मी निवांत पान उलटलं. पण सासूबाईंनी माझा प्रश्न तेवढा ऐकलेला. तासाभरात मलकापुरातनं नणंदेचा फोन, "वैनी, गड हललाय म्हणं! पोरगं घावलं का?"

पुस्तकातला गड कुठं उतरतो ते वाचायचंय मला, पण फोन थांबेनात. तेवढं सगळ्यांना सांगा गं, आपला जागेवरच हाय.