ओल्शांकातलं एक मत

हॅलो?… हो आत्या, मी बोग्नाच… नाही, अजून बाबांच्याच खोलीत आहे, खासदारांच्या वसतिगृहात. सामान भरतेय… पोचले बाबा गावात? कधी?… चॅपलमध्ये ठेवलंय… बरं. बरं.

नाही गं, मंगळवारी त्यांना काहीसुद्धा होत नव्हतं. दुपारी फोन करून माझ्याशी बरण्यांवरून भांडले… तुझ्याच बरण्या, काकड्यांच्या! म्हणाले, रिकाम्या परत दे, नाहीतर झेनिया मला गावात शिरू देणार नाही… हो ना! आणि आता बघते तर पलंगाखाली अकरा. धुतलेल्या, झाकणं वेगळी ठेवलेली. स्वतः अकरा दडवून माझ्यावर ओरडत होते… हस, हस. मघाशी मीही हसले. मग संध्याकाळी संसदेत मतदान होतं, ते करून आले, सूप प्यायले, झोपले. आणि बुधवारी सकाळी जिन्यात… हो. डॉक्टर म्हणाले, कळलंसुद्धा नसेल.

आत्या, रडू नको. ऐक ना, तुला एक विचारायचंय… नाही, बुटांचं नाही. काळेच घातलेत ना? मग झालं.

ते रोलिन्स्की आहेत ना, पक्षाच्या कचेरीतले… तेच, उद्या कबरीपाशी भाषण करणारे. सकाळी फोनवर सगळं वाचून दाखवलं मला. आधी सोल्तिस, गावचा प्रमुख, मग तालुक्याच्या मंडळावर, मग तालुक्याचा प्रमुख, मग तीनदा संसद… हो, अगदी गाडीची स्टेशनं सांगितल्यासारखं. आणि सुरुवात कशाने केलीय, माहितीये?… बरोबर. तीच गोष्ट. बंबखान्यातली गावसभा, बाबा विरुद्ध कुबाशिककाका, आणि बाबा एका मताने सोल्तिस झाले. "ते एक मत माझ्या लेकीचं, तिला अठरा पूर्ण होऊन पंधरा दिवस झाले होते"… पाठ आहे गं मला. दर प्रचारात सांगायचे आणि मी शेजारी उभी राहून हसायचे. तेहेतीस वर्षं.

आता रोलिन्स्कींना कळायला हवंय, चिठ्ठी कसली होती, शिसपेन होती की शाई. म्हणजे लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणे. पाचपर्यंत सांगायचंय… नाही, अजून नाही सांगितलं.

म्हणून तर तुला विचारतेय. चिठ्ठ्या तू मोजल्या होत्यास ना?… तू आणि मास्तरीणबाई, हो. वहीचे चौकटीचे कागद फाडलेले, ज्याने त्याने हाताने नाव लिहायचं… मग सांग, ते एक मत कोणाचं?… माझं काय म्हणतेस? आत्या, माझं नव्हतं.

थांब, पुरतं ऐक.

मी कुबाशिककाकांचं नाव लिहिलं होतं.

… काय? माहीत होतं म्हणजे?… कसं?… अक्षर. हो, अक्षर तूच तर शिकवलंस मला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. म्हणजे तू चिठ्ठी उघडलीस, ओळखलंस, नाव वाचलंस आणि ढिगात ठेवून दिलीस?… "मत गुप्त असतं"! हे तू सांगतेस? माझ्या साखरपुड्याची बातमी माझ्याआधी दोन गावांत पोचवणारी तू! मग आत्ता "तुझंच" का म्हणालीस?… हं. त्यांना ती गोष्ट आवडायची म्हणून… हो. आवडायची.

आणि बाबांना कधी बोलली नाहीस?… त्यांनी चिठ्ठ्या बघितल्या नाहीत?… खुर्च्या उचलून ठेवत होते. तेच करणार. मग चिठ्ठ्या?… शेगडीत. बरं.

पण थांब. मी तर त्यांना पाडायला गेले होते. मग निवडून आणलं कोणी?… कोण?… कुबाशिककाका? स्वतःच्याच विरुद्ध?… बायको काय म्हणाली?… "आपल्या फाटकावर सोल्तिसाची लाल पाटी लागली तर तुझं अंथरूण गोठ्यात"!… अगं देवा. आणि काकांचंही अक्षर ओळखलंस?… डावखुरे, खरंच की. म्हणजे एक माणूस गोठ्यात झोपायला घाबरला म्हणून आमचे बाबा तीनदा संसदेत गेले… नाही, हसत नाहीये. म्हणजे हसतेय… हो, माहितीये, उद्या अग्निशमन दलाचा ध्वज काकाच धरणार आहेत.

ऐक, मी रोलिन्स्कींना सांगते, ते वाक्य काढा… नाही आत्या, राहू द्यायचं नाही. बाबा सांगत होते तोवर ठीक होतं, ते त्यांचं होतं. कबरीपाशी उभी राहून मी परत नाही हसणार… नाही गं, काकांचं नाव नाही घालत. काकू अजून ठणठणीत आहेत, कळतं मला.

का लिहिलं म्हणून विचारलं नाहीस… माहीत असेल तरी विचारायचं होतंस.

तू आत्ता कुठे उभी आहेस?… बाबांपाशीच? जपमाळेची प्रार्थना किती वाजता?… बायका जमल्यात. पेटी उघडी आहे अजून?… मग एक काम कर. फोन त्यांच्या कानाशी धर… अगं, वेडी नाही झालेय… उद्या कशी बोलणार? उद्या बँड असेल, पाद्री असतील, टीव्हीवाले असतील… बघू देत बायकांना. सांग, वॉर्साहून फोन आहे. बाबांना वॉर्साहून फोन येतो याचं ओल्शांकात कोणाला नवल नाही… दोन मिनिटं. लांब नको, नीट कानाशी… धरलास?

बाबा. बोग्ना बोलतेय.

त्या चिठ्ठीवर मी तुमचं नाव लिहिलं नव्हतं… आईला जाऊन चार महिने झाले होते. संध्याकाळी आपण दोघं बटाटे सोलत बसायचो, रेडिओ लावून, फारसं न बोलता. मला वाटलं, फाटकावर ती पाटी लागली की तुम्ही गावाचे होणार. झालातच. मग तालुक्याचे झालात, मग वॉर्साचे. चांगलं काम केलंत, सगळे म्हणतात, मलाही तसंच वाटतं. तरी दर वेळी निकाल लागायचा तेव्हा मी एका कोपऱ्यात उभी राहून…

तुम्ही हरायला हवे होतात मला, बाबा. तुम्ही घरी हवे होतात.

… ठेवते.